कोरी आणि नवी

सोमवारी सगळी जनावरं धडधाकट असायची.
शुक्रवारी संध्याकाळपर्यंत
डोक्कुमच्या दवाखान्यात
एकही निरोगी उरायचं नाही.

डॉक्टर डाउके म्हणाले, वीट्स्के,
हे वासरू काल रात्री दोनला जन्मलं,
मीच ओढून काढलं,
आणि तुझा संगणक म्हणतो
त्याचे दात म्हातारपणाने झिजलेत,
मागच्या पायाने लंगडतं,
फेब्रुवारीपासून खोकतंय,
आणि एकटं पडलं की खात नाही.

ते हसत होते. मी नाही.
तो प्रोग्राम मीच लिहिलेला.

'जनावर' नावाचा क्लास. साधासुधा.
नाव द्यायचं, मालक द्यायचा,
आजारांची यादी असेल तर द्यायची,
नसेल तर ही घ्या रिकामी:
बरोबरच्या चिन्हापुढे दोन चौकोनी कंस,
मध्ये काही नाही.
केवढी सोय वाटली होती मला त्या दोन कंसांची!
गोठ्याच्या दारात ठेवलेल्या बादलीसारखी.
येईल त्याला बादली.

पण बादली एकच होती.

चाचणी घेतली होती की मी.
एक बकरी केली, तिला एक ताप दिला,
तपासलं: एक ताप. हिरवी खूण.
दुसरी बकरी करून बघायचं सुचलं नाही.
एकाच जनावराच्या जगात
सामायिक असं काही नसतंच.

पायथन ती ओळ एकदाच वाचतो,
सोमवारी पहाटे सर्व्हर उठतो तेव्हा.
यादी तेव्हाच घडते, एकदाच,
आणि फंक्शनच्या खुंटीला टांगून राहते.
मग बुधवारी मेंढी येते, गुरुवारी कुत्रा,
मी समजते, प्रत्येकाला नवी पाटी दिली.
दिलेली असते तीच,
पहिल्याने लिहिलेली, कोणी न पुसलेली.
पाटी कोरी आहे का, ते सगळे बघतात.
नवी आहे का, कोण बघतं?

आणि सगळ्यांत बोचलं ते हे:
ज्या घोड्यांचे मालक
जुन्या नोंदींची चळत घेऊन आले
त्यांच्या याद्या शाबूत, त्यांच्या त्यांच्या राहिल्या.
जे रिकाम्या हातांनी आले,
कालचं वासरू, कालव्याकाठी सापडलेलं मांजर,
पुठ्ठ्याच्या खोक्यातली बदकाची चार पिल्लं,
त्यांच्याच माथी
सगळ्या मुलखाची दुखणी.

दुरुस्ती मोजून तीन ओळींची.
कंस काढले. तिथे लिहिलं: काहीच नाही.
आणि आत, जन्माच्या खोलीत, विचारलं,
काहीच नाही आणलंस?
मग थांब. ही तुझी. आत्ता केली.

दोन बकऱ्या केल्या. एकीला ताप दिला.
दुसरीकडे बराच वेळ पाहत राहिले.
दुसरीला काही झालं नाही.

उरलं निस्तरणं.
एकोणीस जनावरांचं एकाच यादीत कालवलेलं
कोणाचं काय ते निवडायचं,
आणि यादीला ते माहीत नव्हतं.
म्हणून फोन.
खोकला मेत्सलाविरच्या मेंढीचा निघाला.
झिजलेले दात हिल्टियेच्या तट्टाचे.
लंगडणं दोघांनी मागितलं, दोघांना दिलं.
'एकटं पडलं की खात नाही'
एवढं शिल्लक राहिलं.

सात गोठे झाले.
आमचं नाही हो, म्हणायचे,
आणि फोन लगेच ठेवायचे नाहीत.

शेवटी बाउक्ये. समुद्राच्या बांधाखाली घर,
वय ऐंशीच्या पुढे, आता एकच गाय.
काय म्हणालीस? परत वाच.
वाचलं.
तिच्या मागे भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.
लिही आमच्या नावावर, ती म्हणाली.

गाईच्या ना? मी विचारलं.

तुझ्या त्या क्लासात, बाउक्ये म्हणाली,
दुसऱ्या कोणाला जागा आहे का?